वाळूजचा इंग्रजी शिक्षक परदेशी जाताना

सकाळची पाळी सुटली की वाळूज एमआयडीसीतले रस्ते कंपन्यांच्या बसगाड्यांनी आणि दुचाक्यांनी भरून जातात. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, मागोमाग सुटे भाग बनवणारे उद्योग आले आणि रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही गावे कामगारांच्या वस्त्यांनी फुगत गेली. याच वस्त्यांच्या गल्ल्यांत, खानावळी आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांच्या मधे, ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या दिसतात. पाटीमागे बहुधा एम.ए., बी.एड. झालेले कुणीतरी असते. दिवसा विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवायचे, संध्याकाळी क्लास घ्यायचा आणि मधल्या वेळात पवित्र पोर्टलवर भरतीची जाहिरात आली का ते बघायचे, असा दिनक्रम.

या माणसाच्या मोबाइलवर आणखी एक जाहिरात हमखास येते. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स, घरबसल्या प्रमाणपत्र, परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी, पगार लाखात. शुल्क मात्र काही हजारच. ही जाहिरात सगळी खोटी नसते. असे कोर्स आहेत, प्रमाणपत्रही मिळते आणि परदेशांत इंग्रजी शिक्षकांना मागणीही आहे. फक्त प्रमाणपत्रापासून नोकरीपर्यंतचा रस्ता त्या त्या देशाच्या व्हिसा नियमांतून जातो, आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला तो बऱ्याच ठिकाणी अडवलेला असतो, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. म्हणून वाळूजच्या शिक्षकाने क्रम उलटा लावायला हवा. आधी देश, मग त्या देशाचा नियम, मग प्रमाणपत्र. पैसे भरायची वेळ सगळ्यात शेवटी.

दक्षिण कोरियाचेच बघू. तिथे परकीय भाषा शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांना मिळतो. केंब्रिजचे उत्तम प्रमाणपत्र हातात असले तरी भारतीयाला तिथल्या खासगी शिकवणी संस्थेत काम करता येत नाही. एक बारीक फट मात्र आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीय पदवीधरांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट ठेवली आहे. ही वाट अरुंदच आहे, पण तिथे उपयोगी पडतो तो बी.एड.चा कागद. ऑनलाइन कोर्स नाही.

जपानची अट वेगळीच आहे आणि ती मराठी घरांना थेट लागते. तिथल्या शाळांत परकीय भाषा शिकवायला ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाचा व्हिसा मागताना त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झाल्याचे दाखवावे लागते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेल्याला हे जमते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकून पुढे एम.ए. इंग्रजीत पहिला वर्ग मिळवलेला शिक्षक मात्र इथे अडतो, त्याचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी. हा नियम अन्यायाचा वाटतो आणि तो आहेच. पण अर्ज भरण्याआधी तो कळला तर निदान वर्षभराची धडपड वाचते. चीनमध्येही भाषा शिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी अशी अपेक्षा नियमातच आहे. त्यामुळे भारतीयाला तिथे इंग्रजी शिक्षकाचा रीतसर परवाना मिळणे अवघड. ‘आधी दुसऱ्या व्हिसावर जा, मग बघू’ असे कुणी सांगू लागला तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

आग्नेय आशियात दार थोडे उघडे आहे. थायलंडच्या शाळांना पदवीधर शिक्षक चालतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्याकडून टोईक परीक्षेत ६०० गुण किंवा आयईएलटीएसमध्ये साडेपाच बँड यांसारखा पुरावा मागतात आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी घ्यावी लागते. व्हिएतनाममध्ये पदवी, इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला या तीन कागदांवर कामाचा परवाना उभा राहतो. मागे राहिलेला भेदभाव पगारात दिसतो: एकाच संस्थेत गोऱ्या शिक्षकाला एक दर आणि आशियाई शिक्षकाला दुसरा, असे घडते. मुलाखतीत याबद्दल सरळ विचारण्यात काही वावगे नाही.

मराठवाड्यातल्या शिक्षकासाठी सगळ्यात रुंद रस्ता आखाताचाच आहे. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन आणि सौदी अरेबियात सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा कितीतरी आहेत. त्यांना इंग्रजीचा शिक्षक लागतो तो विषय शिक्षक म्हणून, म्हणजे एम.ए., बी.एड. आणि साधारण दोन वर्षांचा शाळेतला अनुभव असलेला. दुबईत केएचडीए आणि अबू धाबीत एडेक ही सरकारी प्राधिकरणे शिक्षकाची पात्रता तपासतात. इथे बी.एड. हाच पाया. त्यावर भाषाध्यापनाचे चांगले प्रमाणपत्र असेल तर जास्त पगाराच्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांकडे अर्ज करताना त्याची मदत होते. मालदीवच्या शाळांतही अनेक दशके भारतीय शिक्षक शिकवत आले आहेत. हा प्रवास तसा जुनाच. १९५० नंतरच्या दशकांत इथिओपियाच्या गावोगावच्या शाळांत शिकवायला भारतीय शिक्षक जात होते.

इंग्लंडबद्दल गैरसमज फार पसरला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांच्या शिक्षकांना तिथल्या शिक्षक पात्रतेसाठी सोप्या मार्गाने अर्ज करता येतो, हे खरे. पण ती सोय ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीचा शिक्षक त्यात बसत नाही. भौतिकशास्त्राचा पदवीधर बी.एड. असलेला शेजारी मात्र बसतो, त्याला हे जरूर सांगावे.

आता प्रमाणपत्रांकडे. बाजारात शेकडो नावे फिरतात, पण जगभरच्या भाषासंस्था डोळे मिटून स्वीकारतात ती दोनच. एक केंब्रिजचे सेल्टा, दुसरे ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्ट टेसॉल. दोन्ही ब्रिटनच्या पात्रता चौकटीत पाचव्या पातळीवर मोडतात. सेल्टाचा उगम मोठा बोलका आहे. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ मध्ये स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरात इंग्रजीची छोटी शाळा काढली. नव्या शिक्षकांना वर्गात सोडण्यापूर्वी थोडे शिकवून घ्यावे, या साध्या गरजेतून १९६२ मध्ये लंडनला त्यांनी एक छोटा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. आजचा सेल्टा त्याचाच वारसा चालवतो. पूर्णवेळ केला तर चार ते पाच आठवडे, किमान १२० तास. त्यातले ६ तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर दोन वेगळ्या पातळ्यांवर शिकवायचे, मागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेला. शिवाय चार लेखी स्वाध्याय. आता हा कोर्स ऑनलाइनही होतो, पण प्रत्यक्ष शिकवण्याची अट तिथेही सुटलेली नाही.

स्वस्त ऑनलाइन कोर्स आणि सेल्टा यांतला फरक नेमका या ६ तासांत आहे. पडद्यावर प्रश्न सोडवून मिळालेल्या कागदावरून नोकरी देणाऱ्याला एवढेच कळते, की उमेदवाराने वाचन केले आहे. काही ऑनलाइन संस्था ‘लेव्हल ५’ असा शिक्का मिरवतात. तो शिक्का खरा आहे का, हे ब्रिटनच्या ऑफक्वॉल या नियामक संस्थेच्या यादीत फुकट तपासता येते. तो खरा निघाला तरी दुसरा प्रश्न उरतोच: वर्गात कुणी बसून पाहिले का?

सेल्टाचे शुल्क भारतात लाखाच्या आसपास किंवा वर जाते. विनाअनुदानित शाळेच्या पगारात ही रक्कम मोठी आहे. म्हणून मधल्या पायऱ्या माहीत असाव्यात. केंब्रिजचीच टीकेटी ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे, तिचे भाग सुटे देता येतात, प्रवेशाची अट नाही आणि तिच्यात नापास असा शेराच नसतो. शाळेतल्या शिक्षकाला भाषाध्यापनाची परिभाषा अंगवळणी पाडायला ती चांगली. हैदराबादची इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ ही संस्था १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून सुरू झाली. इंग्रजी अध्यापनातली तिची पदव्युत्तर प्रमाणपत्रे आणि पदविका देशभर मानाने घेतल्या जातात, दूरशिक्षणानेही करता येतात. इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याहून हलका आहे. आखाताच्या शाळांसाठी बी.एड.सोबत हैदराबादचा कागद पुष्कळदा पुरेसा वजनदार ठरतो. व्हिएतनाम किंवा युरोपातल्या भाषासंस्था मनात असतील तर सेल्टा किंवा सर्ट टेसॉलच करावा, आणि त्यासाठी कर्ज काढायचे तर आधी मुलाखतीपर्यंत पोचून बघावे. सेल्टाच्या प्रवेशासाठी व्याकरणाचे लेखी काम आणि मुलाखत असते. इंग्रजीची पातळी कच्ची असली तर केंद्र तिथेच सांगते.

सेल्टाच्या वर्गात मराठी शिक्षकाला सगळ्यात जड जाते ते जुनी सवय सोडणे. आपल्याकडे इंग्रजी शिकवणे म्हणजे पिढ्यान्पिढ्या भाषांतर. तर्खडकरांच्या पाठमालेवर आजोबा शिकले, नातू टेन्सच्या तक्त्यावर शिकतो. शिक्षक वाक्य फळ्यावर लिहितो, मराठीत अर्थ सांगतो, मुले उतरवून घेतात. परदेशातल्या वर्गात हा आधारच निघून जातो. समोर हनोईचा बँक कर्मचारी आणि मस्कतचा शाळकरी मुलगा. त्यांची भाषा शिक्षकाला येत नाही. मग अर्थ पोचवायचा कसा?

उदाहरणार्थ, ‘आय हॅव लिव्ह्ड इन वाळूज फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्य. मराठी शिक्षक लगेच म्हणेल, हा प्रेझेंट परफेक्ट, हॅव अधिक तिसरे रूप. सेल्टाचा प्रशिक्षक त्याला थांबवेल आणि विद्यार्थ्यांना तीन छोटे प्रश्न विचारायला लावेल. हा माणूस आता वाळूजला राहतो का? तो तिथे कधी आला? उद्या तो तिथेच असेल असे वाटते का? उत्तरे बरोबर आली तर अर्थ पोचला. नियमाचे नाव नंतर, गरज पडली तर. अशा प्रश्नांनी समज तपासणे, स्वतः कमी बोलून विद्यार्थ्यांना बोलते करणे, जोड्या लावून काम देणे, सूचना चार शब्दांत देणे आणि वर्गात फिरत चुका टिपून शेवटी त्या नाव न घेता फळ्यावर मांडणे, या गोष्टी वाचायला सोप्या आहेत. पन्नास मिनिटे स्वतःच बोलण्याची सवय असलेल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात त्या घाम फोडतात.

इथे मराठी शिक्षकाकडे एक भांडवल आहे, ज्याची त्याला स्वतःलाच किंमत नसते. वरचे वाक्य मराठीत आपण ‘मी पाच वर्षांपासून वाळूजला राहतो’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतो. म्हणूनच आपली मुले ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतात. ही चूक कुठून येते हे लंडनमध्ये वाढलेल्या शिक्षकाला शिकून घ्यावे लागते. मराठी शिक्षक ती चूक स्वतः करून त्यातून बाहेर आलेला असतो. हंगेरीचे पीटर मेजेश यांनी १९९४ मध्ये ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: भाषा मागाहून शिकलेला शिक्षक विद्यार्थ्याची अडचण आधी ओळखतो. भाषाध्यापनात भारताने जगाला दिलेही आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत ‘बेंगळुरू प्रकल्प’ चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशा वाचणे, वेळापत्रकातून गाडी शोधणे अशा कामांतून इंग्रजी शिकवायचे, असा तो प्रयोग. कामाधारित अध्यापनाची आज जगभर चालणारी चर्चा या प्रयोगाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. मुलाखतीत ‘तुमची मातृभाषा इंग्रजी नाही’ हा प्रश्न आला तर मान खाली घालायचे कारण नाही. उत्तर तयार असावे आणि ते उदाहरणासह असावे.

हात तयार करायला वाळूजच्या शिक्षकाला लांब जावे लागत नाही. पाळीवरून सुटलेला उत्तर प्रदेशातला किंवा बिहारमधला तरुण, ज्याला मराठी धड येत नाही आणि सुपरवायझर व्हायला इंग्रजी ईमेल लिहायचा आहे, तो परदेशी विद्यार्थ्याइतकाच चांगला विद्यार्थी आहे. त्याला हिंदीचा आधार न घेता शिकवून बघावे. जवळच्या छत्रपती संभाजीनगर शहरात तर खरेखुरे परदेशी विद्यार्थीही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराक, सुदान अशा देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे येत आहेत, आणि संशोधनाला बसण्याआधी त्यांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजीची मदत हवी असते. अरबी भाषेत ‘प’ हा ध्वनी नाही, म्हणून ‘पार्किंग’चे ‘बार्किंग’ होते. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि दोन महिने एका येमेनी विद्यार्थ्याच्या ओठांसमोर कागदाची चिठ्ठी धरून ‘प’ म्हणताना ती हलते का हे बघणे वेगळे. आखातातल्या शाळेच्या मुलाखतीत हा अनुभव सोन्याचा आहे.

शाळांतल्या शिक्षकांसाठी जिल्ह्यात याआधीही पुष्कळ काम झाले आहे. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. राज्याची इंग्रजी संस्था याच शहरात होती. २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ प्रकल्प सुरू केला. निवडलेल्या जिल्ह्यांत त्या वेळचा औरंगाबाद जिल्हाही होता. परिसरातले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसत, एखादी कृती करून बघत, आपल्या वर्गात ती कशी चालली ते पुढच्या बैठकीत सांगत. अशा शिक्षक गटात बसलेल्या माणसाने ती गोष्ट अर्जात लिहावी, हजेरीचे प्रमाणपत्र शोधून जोडावे. एकमेकांचे वर्ग पाहून त्यावर बोलण्याची ही सवय सेल्टाच्या प्रशिक्षकालाही हवी असते. जिथे गट थांबला असेल तिथे चार शिक्षकांनी शनिवारी दुपारी पुन्हा बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

वाचायला तीन पुस्तके पुरतात. व्याकरणासाठी रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’, शंका आली की उघडायला मायकेल स्वान यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ आणि वर्ग कसा चालवावा यासाठी जिम स्क्रिव्हनर यांचे ‘लर्निंग टीचिंग’. पुण्यामुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिन्ही मिळतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मराठी नावाची रचना हीच पहिली अडचण असते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिले, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि अलीकडच्या गुणपत्रिकांवर आईचेही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. बी.एड. लग्नानंतर झाले असेल तर त्यावर सासरचे आडनाव आणि पदवीवर माहेरचे. आखातातला कारकून हे तीन वेगळ्या व्यक्तींचे कागद समजतो. म्हणून अर्जाच्या किमान सहा महिने आधी सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग अक्षराअक्षराने जुळवावे. आडनाव बदलले असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडीला ठेवावी. दीक्षान्त पदवी प्रमाणपत्र अजून विद्यापीठातून उचललेच नाही, असे निम्म्या घरांत असते. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर परदेशी काम होत नाही.

पदवीवर आधी राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. भारत २००५ मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात आला. ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, जपान, दक्षिण कोरिया या देशांना तो शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतसाठी त्या त्या दूतावासाचे साक्षांकनही लागते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे, वर अधिकृत संकलन केंद्राचा थोडा सेवा आकार. दलाल याच कामाचे काही हजार घेतात. तो खर्च वेळ वाचवण्यासाठी करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ५० रुपये हा आकडा माहीत असावा. चारित्र्य दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून होतो. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे चालतो, म्हणून ती परीक्षा उगाच लवकर देऊन ठेवू नये. शाळेचा अनुभव दाखला मात्र नोकरी सोडतानाच, लेटरहेडवर, तारखांसह आणि शिकवलेल्या इयत्तांसह घ्यावा. नंतर तो मिळवताना चपला झिजतात.

पगाराचा हिशेब दिरहमाला रुपयांनी गुणून होत नाही. समजा, शाळेने ४,००० दिरहम देऊ केले. २३ रुपयांचा दर धरला तर ९२,००० रुपये, आणि वाळूजमध्ये हा आकडा ऐकून घरात पेढे वाटले जातील. आता त्यातून भाड्याच्या खोलीतल्या वाट्याचे १,८०० आणि खाणेपिणे, प्रवास, फोन यांचे १,००० वजा करावेत. उरले १,२००, म्हणजे साधारण २७,६०० रुपये. शाळेने राहायची सोय केली तर हीच शिल्लक दुपटीहून वर जाते. म्हणून पगारापेक्षा घर, वर्षातून एकदा विमान तिकीट, वैद्यकीय विमा आणि स्वतःच्या मुलांच्या फीमधली सवलत यांवर आधी बोलावे. अमिरातीत पगारावर आयकर नाही. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. शब्द ‘मूळ वेतन’ असा आहे. काही करारांत मूळ वेतन मुद्दाम लहान आणि भत्ते मोठे दाखवतात, तेव्हा तो आकडा सही करण्याआधी बघावा. तिथल्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून तो वसूल करता येत नाही.

दलालाची पारख करायला सरकारचे ई-मायग्रेट पोर्टल आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दोन-तीन लाख मागणारा माणूस ओळखीतला असला, गावातला असला, तरी त्याचा परवाना क्रमांक पोर्टलवर टाकून बघावा. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ हे वाक्य धोक्याचे. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या तळांवर अडकवलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. त्यांतल्या अनेकांना संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवले होते. इंग्रजी चांगले असलेला तरुण या टोळ्यांना हवाच असतो.

घरी बसून परदेशी विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवणे हा अनुभव जमवण्याचा मार्ग म्हणून ठीक, एकमेव आधार म्हणून नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवण्या घेण्यावर बंदी आली आणि त्या बाजारावर जगणाऱ्या हजारो शिक्षकांचे काम अक्षरशः काही आठवड्यांत गेले. वेगळ्या वाटेने जायचे असेल तर २१ ते २९ वयाच्या शिक्षकांनी फुलब्राइटची भाषा सहायक शिक्षकाची योजना बघावी. भारतातल्या तरुण इंग्रजी शिक्षकांना ती ९ महिन्यांसाठी अमेरिकी विद्यापीठांत हिंदी, उर्दू यांसारख्या भाषा शिकवायला नेते. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि वर्गात इंग्रजी असे संभाजीनगरचे कितीतरी शिक्षक आहेत. त्यांनी या योजनेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

मुलाखत आता बहुतेक ठिकाणी पडद्यावरच होते आणि आधी शिकवण्याचा छोटा व्हिडिओ मागतात. तो करायला स्टुडिओ नको. नेहमीचाच वर्ग असावा. मुलांच्या पालकांची आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, मोबाइल वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात स्टँडवर लावावा, पंखा शक्य असेल तर बंद ठेवावा, कारण त्याच्या आवाजात मुलांची उत्तरे हरवतात. वीस मिनिटांत शिक्षक सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त बोलला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रीकरण करावे. परीक्षक फळ्यावरचे अक्षर बघत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याशी इंग्रजीत काही बोलतो आहे का, हे तो बघतो.